रुपयाएवढी जागा

जेल रोडला, फरसाणाच्या दुकानावर आमची जिम.
खाली शेवेचा घाणा निघाला
की वर पट्ट्यावर चालणाऱ्या सगळ्यांना एकदम भूक लागते.
साडेसहाच्या बॅचला चार बायका, एक निवृत्त हवालदार,
आणि बावन्न वर्षांची मी,
मुलाच्या जुन्या बुटांत,
सैल वाटू नयेत म्हणून मोज्यांवर मोजे.

अठ्ठावीस वर्षं मी प्रेसमध्ये कागद मोजतेय.
शंभराचा गठ्ठा अंगठ्याला कळतो.
नव्व्याण्णव असले तर अंगठा आपोआप अडतो.
पायांना मात्र कुणी मोजायला शिकवलं नव्हतं.
पहिल्याच दिवशी वेग साडेसहा, चढ आठ,
दोन्ही हात दांडीला गच्च,
द्वारकेच्या सिग्नलला मागून कुणी हॉर्न वाजवत असल्यासारखी
चालत राहिले.

बाराव्या दिवशी नडगी बोलली.
आधी जिना उतरताना, हळूच.
मग रात्री, पांघरूणही नको म्हणाली.
नवरा म्हणाला, पोटरी चोळ.
पोटरी नाही हो, नडगी. पुढची.
एवढा फरक कळायला
एकोणतीस वर्षांचा संसार कमी पडला.

समाधान खैरनारने बूट उलटे करून पाहिले,
टाचेची बाहेरची कड पार गेलेली.
"काकू, हे बूट नाहीत, वारसा आहे."
चढ शून्यावर आणला. दांडी सोडायला लावली.
"पाऊल आपटू नका, ठेवा.
पट्टा धप्प वाजला की समजा, चुकलं."
आठवड्याला वाढवायचं ते मिठासारखं,
मधल्या दिवशी सायकल,
नाहीतर ते लंबगोल यंत्र, ज्यावर मी
गुडघाभर पाण्यातून भाजी आणायला निघाल्यासारखी दिसते.
बिटकोला बसची वाट बघताना
टाचांवर उभी राहून चवडे वर उचलते. वीस वेळा.
लोक बघतात.
बस येत नाही, म्हणून तीस होतात.

शेजारच्या पट्ट्यावर दीक्षा गांगुर्डे.
पोलीस भरतीचं मैदान वीस दिवसांवर.
ती पळते तेव्हा मशीनच्या खालची फरशी हलते.
तिच्या मोज्यात बर्फाची पिशवी मी दोनदा पाहिली,
दोनदा तिने पाय मागे घेतला.

मंगळवारी ती मधेच थांबली,
पट्ट्याच्या दोन्ही कडांवर पाय फाकून,
पट्टा खालून रिकामाच पळत होता.
मी म्हटलं, "अंगठ्याने हाड दाब. वरून खाली.
वीतभर दुखतं, की एकाच जागी?"
(उपनगरच्या पिंजारी डॉक्टरांनी माझ्या पायावर
हेच केलं होतं. माझं वीतभर निघालं.
आराम, बर्फ, नवे बूट, पाचशे रुपये.)
"रुपयाएवढ्या जागी असेल तर पळायचं नाही, बाई.
एक्स-रे काढायचा."

तिचा अंगठा खाली सरकत गेला.
आणि अडला.

मला नव्व्याण्णवचा गठ्ठा ओळखता येतो.

"वीतभरच आहे, काकू," ती म्हणाली.
अंगठा तिथून हलेना.

मी हात लांब करून तिचं लाल बटण दाबलं.
पट्टा लगेच थांबत नाही, थोडा घरंगळतो.
तेवढ्या वेळात ती जे बोलली
ते इथे लिहिण्यासारखं नाही.
पोलिसात शोभेल.

दोन दिवस ती आली नाही.
शुक्रवारी आली, काखेत मोठं तपकिरी पाकीट.
मी विचारलं नाही, तिने दाखवलं नाही.
कोपऱ्यातल्या सायकलवर बसली,
मी माझ्या उंचीला लावलेली सीट
तीन भोकं वर घेतली.

खालून शेवेचा वास आला.
मी साडेचारवर, दांडी न धरता,
कान देऊन
पाऊल ठेवत होते.